जन्माचा दाखला कुणाचा

अमेरिकेतल्या वकिलाच्या पत्रात अकरा कागद मागितले होते. त्यातल्या दहांची मला कमीजास्त धाकधूक होती. अकराव्याची, म्हणजे जन्माच्या दाखल्याची, अजिबात नव्हती. उलट मी यजमानांना ऐटीत म्हणाले, "तो तर माझा अगदी खराखुरा निघेल."

ही ऐट जुनी होती. पारोळ्याजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत निम्म्याहून जास्त मुलांचा वाढदिवस एक जूनला यायचा. कुणाच्याच घरी तारीख लिहिलेली नसायची, मग गुरुजी नाव घालताना एक जून टाकून मोकळे व्हायचे. माझी तारीख मात्र ऑगस्टमधली होती. माझे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे, पण कागदाच्या बाबतीत भलते काटेकोर. आम्ही बौद्ध, आणि ज्याच्याकडे कागद नाही त्याला कुणी विचारत नाही, हे वडिलांनी अनुभवानं ओळखलेलं. पोरीची नोंद तालुक्याला पोचल्याबरोबर ते पायी पारोळ्याला गेले आणि तिच्या जन्माचा कागद घेऊन आले, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. तो कागद पुढे घर गळायला लागलं तेव्हा भिजून गेला. पण मूळ नोंद तहसील कचेरीत असणारच होती.

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी जळगावला नर्सिंग शिकले, लग्नानंतर धुळ्यात एका रुग्णालयात नोकरीला लागले. यजमान माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवायचे. आमची मुलगी तेव्हा तीन वर्षांची. अमेरिकेत नर्स कमी पडताहेत, अशी जाहिरात त्यांनीच वर्तमानपत्रात वाचली. मी मुंबईला जाऊन त्यांची परीक्षा दिली, पास झाले, आणि तिकडच्या एका लहानशा गावातल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहानं मला निवडलं. आपण आपला अर्ज करून तिकडे जाता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. नोकरी देणाऱ्यानं त्यांच्या सरकारला लिहून द्यायचं की या कामाला आम्हाला माणसं मिळत नाहीत, ही बाई हवी आहे. सरकारनं त्यावर हो म्हटलं की नर्सला थेट कायम राहण्याचा परवाना मिळायचा. तिच्याबरोबर नवऱ्याला आणि मुलांनाही. आमच्या अर्जावर हो झालेलं होतं. राहिले होते ते कागद आणि मुंबईच्या वकिलातीतली मुलाखत.

एका मंगळवारी रजा टाकून मी एकटीच पारोळ्याला गेले.

रेकॉर्ड खोलीतले कारकून निवृत्तीला आलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मी नर्स आहे म्हटल्यावर त्यांनी आधी गुडघ्याचं दुखणं सांगून घेतलं, मग लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा काढला. आमच्या गावाचं कोतवाल बुक. गावात जन्म झाला की मृत्यू झाला की कोतवाल त्यात लिहायचा आणि वर्ष संपलं की वह्या तालुक्याला यायच्या. पानं पिवळी पडून कडांना झडत होती. कारकुनांनी बोट फिरवत फिरवत वर्ष काढलं, महिना काढला आणि म्हणाले, "ही घ्या तुमची स्वारी."

वडिलांचं नाव, गावाचं नाव, जातीच्या रकान्यात आमची जुनी जात, आणि पुढे 'मुलगी'. शेवटी बारीक अक्षरात माझं नाव. तारीख तीच. मला एवढा आनंद झाला की मी कारकुनांना नमस्कारच केला.

"बसा, उतारा लिहून देतो," ते म्हणाले. "साहेबांची सही दुपारून मिळेल."

ते लिहायला बसले. मी समोरच्या बाकावर. गठ्ठा उघडाच होता, जन्माच्या वहीखाली मृत्यूची वही. माझे आजोबा माझ्या जन्मानंतर वर्षा-दोन वर्षांत गेले असं ऐकलेलं होतं. त्यांची नोंद दिसते का बघावी म्हणून मी पानं उलटायला लागले. मृत्यूच्या वहीत मरणाचं कारणही लिहिलेलं असतं. ताप, हगवण, सर्पदंश, बाळंतपण. कामाच्या सवयीनं मी ती कारणंच वाचत चालले होते.

एका ओळीत कारण होतं 'गोवर'. वय चौदा महिने. मुलगी. वडिलांच्या नावाच्या जागी माझ्या वडिलांचं नाव. आणि मेलेलीच्या नावाच्या जागी माझं नाव.

मी ती ओळ पुन्हा वाचली. मग जन्माची ओळ वाचली. ऑगस्टपासून चौदा महिने मोजले. बरोबर ऑक्टोबर येत होता, आणि वहीत ऑक्टोबरच होता. मला वाटलं कोतवालानं चूक केली असेल, दुसऱ्या कुणाचं पोर आमच्या नावावर घातलं असेल. पण गावात त्या नावाचे माझे वडील एकच होते. वॉर्डात रोज कुणाच्या ना कुणाच्या नातेवाइकाला वाईट बातमी सांगणारी मी, आणि मला समोरची अक्षरं लागेनात.

"काय झालं ताई?" कारकुनांनी विचारलं.

मी वही त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. क्षणभर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी खरंच समोर बसले आहे ना, याची खात्री करून घेताहेत.

मग हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला जन्माचा दाखला पाहिजे ना? तो मी देतो. मृत्यूचा कोणी मागितलेला नाही." आणि वही बंद केली.

दुपारी सहीशिक्क्याचा दाखला माझ्या पर्समध्ये होता. तारीख जुळत होती, नाव जुळत होतं, पासपोर्टाशी काडीचा फरक नव्हता. मी धुळ्याची गाडी सोडली आणि गावाकडे जाणाऱ्या टमटममध्ये बसले.

माय ओट्यावर तुरी पाखडत होती. भाऊ-वहिनी शेतात मजुरीला गेलेले. मला अवेळी आलेली पाहून ती उठली, "काय वं, एकलीच? पोर कोठे शे?"

मी उभ्याउभ्याच विचारलं, "माय, माझ्याआधी तुला एक मुलगी झाली होती?"

सूप तिच्या हातातून पडलं नाही. तिनं ते सावकाश खाली ठेवलं, सांडलेले दाणे गोळा केले, एकेक. मग ती म्हणाली, "कोनी सांगं?"

"वहीत लिहिलंय."

"वही अजून शे?" तिला नवल वाटलं ते याचंच. तिला वाटत होतं इतक्या वर्षांत तो कागद कुजून गेला असेल.

मग तिनं सांगितलं. मी विचारेन तेवढंच, एकेक वाक्य. पहिली मुलगी ऑगस्टमध्ये झाली. कागद तिचा. पायी पारोळ्याला गेले ते वडील तिच्यासाठी गेले होते. ती गोवरानं गेली. नंतर वर्षाच्या आतच मी झाले, मायच्या माहेरी, कापूस वेचणीच्या दिवसांत. तिथल्या कोतवालाला कुणी सांगितलंच नाही. मायच्या आईनंच सांगू दिलं नाही.

"पह्यलीनं नाव कागदवर लिखेल व्हतं, ती गयी," माय म्हणाली. "म्हनीसन तुनं लिखू दिधं नही."

"आणि नाव? तिचंच नाव मला का दिलं?"

"तुनी आजी बोलनी, तीच परत उनी. मी काय बोलू? मी रोज तुले पाहू. तू ती नव्हती. तू येगळीच व्हती."

शाळेत नाव घालायची वेळ आली तेव्हा गुरुजींनी वडिलांना विचारलं, काही कागद आहे का? वडिलांनी घरातला होता तो नेऊन दिला. नाव तेच, बाप तोच. गुरुजींनी वहीत उतरवून घेतलं. मी दोन वर्षांहून जास्त मोठी झाले, शाळेच्या वहीत, मग बोर्डाच्या सर्टिफिकेटवर, मग नर्सिंगच्या नोंदणीत, नोकरीच्या सेवापुस्तकात आणि पासपोर्टवर. वर्गात मी सगळ्यात बुटकी का होते, आणि सातवीपर्यंत मला पहिल्या बाकावर का बसवायचे, हे मला त्या ओट्यावर समजलं.

"मला कधी का नाही सांगितलंस?"

"तुले सांगीसन काय करती मी?" ती म्हणाली, आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

घरी येऊन यजमानांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले. त्यांना वाटलं मी काहीतरी घोळ घालते आहे. मग दाखला पाहिला, सगळं ऐकलं. माणूस हिशेबी नव्हता, पण व्यवहारी होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाले, "हे बघ, कागद सरकारी आहे, खरा आहे, त्यावर खाडाखोड नाही. तू काही खोटं करत नाहीयेस. पाठवून देऊ."

"तो माझा नाहीये."

"अगं, पण पंचवीस-सव्वीस वर्षं तूच तो वापरतेयस."

"मला माहीत नव्हतं तोवर. आता तिथे शपथ घ्यायची आहे ना, की सगळी माहिती खरी आहे म्हणून?"

"शपथ सगळेच घेतात."

मी त्यांना नीट समजावूनही सांगू शकले नाही. मला सत्याचा फार पुळका होता असं नाही. वॉर्डात पेशंटला धीर देताना मी दिवसाला दहा वेळा खोटं बोलायचे. पण तो दाखला मी ड्रॉवरमधून काढला की मला चौदा महिन्यांचं पोर दिसायचं. गोवराची मुलं मी पाहिलेली होती. डोळे चिकटलेले, श्वास भरभर. त्या पोरीचा कागद दाखवून मी विमानात बसणार, हे मला सलत होतं. आठवडाभर आमच्यात बोलणं कामापुरतंच झालं. शेवटी त्यांनीच एके दिवशी शाळेतून टाइपरायटर आणला आणि म्हणाले, "सांग. काय लिहायचं वकिलाला?"

वकिलाचं उत्तर दीड महिन्यानं आलं. झालं ते बरं झालं, आधी सांगितलंत हे चांगलं केलंत. आता खऱ्या जन्मगावी नोंद नसल्याचा दाखला घ्या, आईचं आणि जन्माच्या वेळी हजर असलेल्या आणखी एका माणसाचं प्रतिज्ञापत्र द्या, आणि भारतात जी दुरुस्ती करता येईल ती करून घ्या. मायच्या माहेरची सुईण अजून हयात होती, नजर गेलेली पण डोकं शाबूत. प्रश्न मायचा होता. तिला कचेरीत येऊन लिहून द्यायचं होतं. मला वाटलं ती नकार देईल. ती म्हणाली, "चाल."

कचेरीच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली टंकलेखक बसायचे. त्यातल्या एकानं कागद चढवला आणि न पाहताच विचारलं, "नाव? वय? धंदा? अपत्ये किती?"

आयुष्यभर मी मायला या प्रश्नाचं उत्तर देताना ऐकलं होतं. रेशनकार्डाच्या वेळी, मतदारयादीवाले आले तेव्हा, वडील गेल्यावर जिनिंगमधल्या कागदांच्या वेळी. दोन, एक पोरगी एक पोरगा. त्या दिवशी ती म्हणाली, "तीन."

टंकलेखकानं तीन लिहिलं. मी दुसरीकडे तोंड फिरवलं.

तिनं आणखी एक सांगितलं. मजकुरात 'प्रथम अपत्य मयत' एवढंच आलं होतं. टंकलेखकानं वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, तिचं नाव टाका. तो वैतागला, "आजी, दोघींचं नाव एकच आहे, उगाच गोंधळ होईल." माय म्हणाली, "व्हऊ द्या. दोन्ही मन्याच पोरी शेतस." मग त्यानं टाकलं, आणि तिनं खाली अंगठा उठवला.

मॅजिस्ट्रेटच्या हुकमानं माझा जन्म उशिरा नोंदवायची परवानगी मिळाली. मायच्या माहेरच्या ग्रामपंचायतीत ग्रामसेवकानं चालू वर्षाचं रजिस्टर उघडलं. माझ्या वरच्या ओळीत आदल्या आठवड्यात जन्मलेला एक मुलगा होता. ग्रामसेवकानं छापील रकाने सवयीनं वाचत विचारलं, "बाळाचं नाव?" मी माझं नाव सांगितलं. त्यांनी मान वर केली, आम्ही दोघंही हसलो, आणि माझे डोळे भरून आले.

मुंबईच्या वकिलातीत खिडकीपलीकडचा अधिकारी तरुण होता. त्यानं फाईल पाहिली, प्रतिज्ञापत्रं पाहिली, दुभाष्याकडून विचारलं, "तुमच्याकडे आधी एक दाखला होता. तो पासपोर्टाशी जुळत होता. तो का नाही दिलात?"

"तो माझ्या बहिणीचा होता."

"तुम्हाला बहीण आहे?"

"होती," मी म्हणाले. तोंडातून 'होती' हा शब्द पहिल्यांदाच निघाला.

तो आमच्याशी वाईट वागला नाही. म्हणाला, पासपोर्टवर एक तारीख आणि दाखल्यावर दुसरी, असं चालणार नाही. पासपोर्ट दुरुस्त करून आणा, आम्हीही चौकशी करू, तोवर फाईल थांबेल. पासपोर्टवाल्यांनी शाळेचा दाखला बदलून मागितला. शाळेनं बोर्डाकडे बोट दाखवलं. बोर्डाची तारीख बदलायची मुदत कधीच संपलेली होती. आम्ही अर्जांवर अर्ज केले. यजमान, जे आधी नको म्हणत होते, तेच आता दर शनिवारी अर्धी शाळा सुटली की कुठल्या ना कुठल्या कचेरीत जाऊन बसायचे. शेवटी मॅजिस्ट्रेटचा हुकूम धरून पासपोर्टवाल्यांनी तारीख बदलली, आणि अकरा महिन्यांनी पासपोर्ट हातात आला. त्या दिवशी त्यांनी पेढे आणले. मी वकिलाला पत्र टाकलं की आम्ही तयार आहोत.

आलेलं पत्र पातळ होतं, एकाच पानाचं. यजमानांनी उभ्यानं वाचलं आणि खुर्चीत बसले. शुश्रूषागृह विकलं गेलं होतं. नव्या मालकांना जुन्या मालकाच्या अर्जातली माणसं नको होती. त्यांनी अर्ज मागे घेतला होता, आणि अर्ज मालकाचा असल्यामुळे त्याच्याबरोबर माझी फाईलही संपली होती. दुसरा मालक शोधा, तो नव्यानं अर्ज करील, मग पुन्हा रांग. वकिलानं शेवटी खेद व्यक्त केला होता.

मी तीनदा विचारलं, "म्हणजे आपलं काहीच नाही? मंजुरी आपली नव्हती?"

"नव्हती," ते म्हणाले. "ती त्यांची होती. आपलं नाव फक्त त्यात होतं."

मला धक्का बसला तो नोकरी गेल्याचा नाही. ज्या कागदासाठी आम्ही दोन जिल्हे पालथे घातले, मायला कचेरीत नेलं, त्या सगळ्यात आपण कुठेच अर्जदार नव्हतो, हे मला त्या क्षणापर्यंत कळलंच नव्हतं. पहिलाच दाखला दिला असता तर आम्ही वर्षभर आधीच तिकडे पोहोचलो असतो, हेही त्याच खुर्चीवर बसून दोघांच्याही डोक्यात आलं असणार. यजमानांनी ते कधीच तोंडावर आणलं नाही. मी मात्र पुढची कित्येक वर्षं मनातल्या मनात स्वतःला बोल लावत राहिले, आणि आज विचारलंत तरी मी बरोबर केलं का, ते मला छातीठोकपणे सांगता येणार नाही.

मायला सांगायला गेले तेव्हा वाटलं, हिला आतून बरंच वाटेल. लेक-नात जवळ राहतील. तिनं सगळं ऐकलं आणि अशी भडकली की मी तिला तशी कधी पाहिली नव्हती.

"नही जानं व्हतं तं माले कचेरीमा कसाले लई गयी?" ती ओरडली. "इतला वरीस मी तिनं नाव तोंडवर नही आनं. तू जाशी, तुनी पोर शिकी, म्हनीसन मी बोलनू. आन् आते तू घर बसनी?"

वहिनी धावत बाहेर आली. माय मला ठेवून घ्यायला नाही, पाठवायला कचेरीत आली होती. हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

ती माझ्याशी दोन-अडीच महिने बोलली नाही. निरोप पाठवला की तब्येत बरी आहे एवढंच उत्तर यायचं. मग एक दिवस दुपारी, मी ड्यूटीवरून आले तर ती धुळ्याच्या आमच्या खोलीच्या पायरीवर बसलेली, शेजारी शेवग्याच्या शेंगांची पिशवी. भावानं बसमध्ये बसवून दिलं होतं. मी शेजारणीकडून मुलीला घेतलं, कुलूप काढलं, चहा टाकला. माझी मुलगी तिच्या मांडीवर जाऊन बसली आणि झोपून गेली.

माय तिच्या केसांतून हात फिरवत होती. मी काही विचारलं नव्हतं. ती आपणहून म्हणाली, "तिले सहा दात व्हतात."

मी चहाचा गॅस बंद केला आणि तिच्यासमोर खाली बसले.

"चालाले लागनी व्हती," ती म्हणाली. तेव्हा दारात एक शेळी होती. "शेयीना कान धरीसन चाले. शेयी उभी राहे, हालेच नही."

त्या दुपारी तिनं मला माझ्या बहिणीबद्दल जे जे आठवत होतं ते सगळं सांगितलं. फार नव्हतं, चौदा महिन्यांचंच होतं. सांगून होईपर्यंत मुलगी जागी झाली, आणि माय शेंगा सोलायला बसली.